येडं कोणाला म्हणायचं?

वऱ्हाडात माणसाला वेडं ठरवायला एक शब्द पुरत नाही. पावसात भिजत घरी आलेल्या पोराला आई ‘बह्याड’ म्हणते, त्यात माया असते. बाजारातून पन्नासची वस्तू शंभरला घेऊन येणारा ‘भैताड’. बोलता बोलता भलतीकडेच जाणारा ‘अर्धवट’. ‘पागल’ तर मित्र मित्राला दिवसातून वीस वेळा म्हणतो. आणि मग येतो ‘येडा’. हा शब्द दोन आवाजांत बोलला जातो. ‘येडाच हायेस तू’ हे तोंडावर, हसत, पाठीवर थाप मारत. ‘थो येडा हाय’ हे हळू आवाजात, पाठीमागे, आणि बऱ्याचदा सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांना स्टँडवर गाठून. शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात ‘तू’ आहे आणि दुसऱ्यात ‘तो’. एवढ्याशा अंतरात माणसाचं लग्न, वावराची वाटणी, गावातली पत, सगळं अडकलेलं असतं.

मला तिसऱ्या सर्वनामाबद्दल लिहायचंय. ‘मी’बद्दल.

गेल्या काही वर्षांत तुमच्या-माझ्या फोनवर हा ‘मी’ खूप दिसायला लागलाय. बायोमध्ये कोणी ‘न्यूरोडायव्हर्जंट’ लिहितं, कोणी एडीएचडी, कोणी ऑटिस्टिक. ‘हो, आहे मी येडी, मग?’ असंही रीलवर दिसतं. ज्या शब्दानं आपल्याला मारलं तोच आपल्या हातात घ्यायचा, अशी ही चाल आहे. मेंदू नाना तऱ्हांचे असतात आणि वेगळी तऱ्हा म्हणजे बिघाड नव्हे, हा विचार ऑस्ट्रेलियातल्या जुडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात मांडला आणि तो जगभर पसरला. मला तो पटतो. पटायला कारणही आहे. दोन वर्षांपूर्वी, सत्ताविसाव्या वर्षी, पुण्यातल्या एका डॉक्टरांनी मला एडीएचडी असल्याचं सांगितलं.

मी मूळची मंगरूळपीर तालुक्यातली. आमच्याच भावकीत माझ्या बाबांचे एक चुलतभाऊ आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, सोयाबीन आणि तुरीची शेती, बोलणं कमी. त्यांच्या फाइलवर स्किझोफ्रेनिया लिहिलेलं आहे. गावात त्यांना येडा म्हणतात. एकाच आडनावाची आम्ही दोन माणसं. मला इंग्रजी आद्याक्षरं मिळाली, ती मी बायोत लिहू शकते, आणि ऑफिसातले लोक त्यावर हृदयाचं चिन्ह टाकतात. काकांच्या वाट्याला आलेल्या शब्दामुळे त्यांच्या मुलीची एक जुळत आलेली सोयरीक मोडली. तेव्हा शब्द परत मिळवायचे म्हणजे नेमके कोणाचे, कोणी, हा प्रश्न माझ्यासाठी घरातलाच आहे.

मी आईला फोनवर न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे काय ते सांगायला गेले, तर ती घाबरली. ‘न्यूरो म्हंजे तो अकोल्याचा डॉक्टर व्हय ना? आप्रेशन लागते काय?’ आमच्याकडे न्यूरो म्हणजे मोटरसायकलवरून पडलेल्या माणसाला रात्री ज्या डॉक्टरकडे पळवतात तो. तिला समजावायला अर्धा तास गेला. शेवटी ती म्हणाली, ‘म्हंजे तू लहानपणी होतीस तशीच हाय, आता त्याले नाव भेटलं.’ यापेक्षा चांगली व्याख्या मी अजून वाचलेली नाही.

‘लेबलं कशाला लावून घ्यायची?’ असं पुष्कळ समजूतदार माणसं विचारतात. त्यांना वाटतं, लेबल लागण्याआधी माणूस कोरा असतो. मी कोरी नव्हते. मी धांदरट होते, आळशी होते, ‘डोकं आहे पण लक्ष नाही’ होते. हीसुद्धा लेबलंच. ती लावायला डॉक्टर लागत नाही, वर्गात मोठ्यानं एकदा म्हटलं तरी पुरतं. पुण्यात मी फक्त जुनं काढून दुसरं लावलं. दोन्हींत फरक एवढाच की ‘मी आळशी आहे’ यानंतर बोलायला काही उरत नाही. ‘मला एडीएचडी आहे’ यानंतर उरतं: काम तोंडी सांगू नका, लिहून द्या. मोठं काम तुकड्यांत द्या. मीटिंगमध्ये मी कागदावर रेघोट्या ओढत असेन तेव्हाच खरं ऐकत असते. मी कोणताही शब्द आता याच कसोटीवर घासून बघते: तो लागल्यावर त्या माणसाला पुढचं वाक्य बोलता येतं का, आणि आलं तर ते कोणी ऐकतं का?

काकांना लागलेला शब्द या कसोटीवर कसा उतरतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका वर्षी ते म्हणत होते, सोयाबीन आत्ता विकू नका, थांबा. घरात कोणी उत्तरसुद्धा दिलं नाही. शेजारच्यानं नांगरताना आमचा धुरा हातभर खाल्ला. काका चिडले, भांडले. लोक म्हणाले, ‘गोई चुकलेली दिसते.’ म्हणजे गोळी. हातभर जमीन गेली होती, ती कोणीही मोजून बघू शकत होतं. पण राग येडा ठरलेल्या माणसाचा होता, म्हणून तो राग न राहता लक्षण झाला. शिवीचं मला एवढं वाटत नाही. शिवी विरून जाते. योग्य कारणासाठी चिडण्याचा हक्कच जाणं, हे मला त्या शब्दाचं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे तर वेडाला केवढा मान! खरं आहे. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभू होते, चक्रधरस्वामींचे गुरू. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव, आमच्यापासून फार लांब नाही. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात गावचे लोक त्यांना वेडा म्हणतात आणि त्याच तोंडानं आई-बापही म्हणतात. मराठीतल्या अगदी जुन्या गद्यातली ही गोष्ट. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रकट झाले, ते बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. पाहणाऱ्यांना आधी ते वेडेच वाटले होते. आमच्या गावातून दरवर्षी माणसं पायी शेगावला जातात. काकाही दोनदा गेलेत.

पण मान शब्दाला नव्हता. त्या माणसांमध्ये लोकांना देव दिसला, म्हणून त्यांना वेडेपण माफ झालं. आज स्टँडवर कोणी उष्टं वेचून खाताना दिसला, तर त्याच्यात देव शोधायला कोणी थांबत नाही. पोट्टे दगड मारतात आणि मोठी माणसं व्हिडिओ काढतात. देव दिसणं ही सवलत फार थोड्यांना मिळते, आणि तीही बघणाऱ्याच्या मर्जीवर.

ही देवाची सवलत सरकारी भाषेतही शिरली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये विकलांगऐवजी ‘दिव्यांग’ शब्द सुचवला. दिव्य अंग. अपंगांच्या संघटनांतून तेव्हाच विरोध झाला: आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प द्या. शब्द मात्र राहिला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये त्याच नावाचा स्वतंत्र विभागही झाला. स्वतंत्र विभाग होणं चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण वरून आलेल्या गोड नावाचा अनुभव महाराष्ट्राला त्याआधीही आलेला आहे. ‘हरिजन’ म्हणजे हरीची माणसं. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. ज्यांचं नाव ठेवलं जात होतं त्यांना ते नको होतं, आणि तरीही ते ठेवलं गेलं. हरिजन आणि दिव्यांग, दोन्ही शब्दांत देव आहे. वागणूक बदलायची नसली की आपण नावात देव घालतो, असा मला यातून दाट संशय येतो.

आणि मग १९७२ साली दलित पँथरच्या पोरांनी छातीवर लावला तो शब्द बघा. ‘दलित’ त्यांच्या आधीपासून भाषेत होता. त्याचा अर्थ भरडलेला. त्यात गोड काही नाही. पण भरडलेला म्हटलं की भरडणारा कोण, हे विचारावंच लागतं. त्या शब्दाच्या पोटात पुढचं वाक्य आहे. जात आणि आजार एकच नव्हेत, ही तुलना ताणू नये, हे मला कळतं. तरी शब्द परत कसा मिळवतात हे शिकायला मराठी पोरांना अमेरिकन रील्सपर्यंत जायची गरज नाही, एवढं नक्की. टोरोंटोत १९९३ मध्ये ज्या मोर्च्यातून पुढे ‘मॅड प्राइड’ची चळवळ उभी राहिली, तोही मनोरुग्णालयात राहून आलेल्या लोकांनीच काढला होता. शब्द ज्यांना लागला होता, त्यांनीच उचलला.

म्हणून मी ‘एडीएचडी’ म्हणते, ‘येडी’ म्हणत नाही. मैत्रिणीनं टी-शर्ट छापायचं ठरवलं होतं, त्यावर हाच शब्द. मी घेतला नाही. मला तो शब्द लागलेलाच नाही. माझ्यामुळे कोणाची सोयरीक मोडली नाही, माझा राग कोणी गोळ्यांच्या हिशेबात धरला नाही. तो टी-शर्ट घालून मी पुण्यात शूर दिसेन आणि गावात काका तेवढेच येडे राहतील. उद्या त्यांनी तो घातला, तर मी छपाईचे पैसे देईन.

मग नवे मराठी शब्द घडवावेत का? काही घडलेत, आणि ते वरून नाही, सोसणाऱ्या घरांतून आलेत. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. ‘देवराई’ हा सिनेमा पाहिला असेल, तर याच विषयातलं ते काम. या वर्तुळात आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. सुरुवातीला मला हे शब्द जरा जास्तच सोवळे वाटले. आमच्या काकूला कोणी शुभंकर म्हटलं, तर ती मागे वळून बघेल, कोण आलं म्हणून. पण दुसरा शब्द मला हळूहळू आवडायला लागला. काळजी घेणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत नावच नव्हतं. काकू गेली पंचवीस वर्षं जे करतेय त्याला घरात ‘तिचं नशीब’ म्हणतात. नशीब थकत नाही, त्याला सुट्टी लागत नाही. शुभंकर मात्र थकू शकतो, आणि त्यानं ‘चार दिवस माहेरी जाते’ म्हटलं तर त्यात गैर काही नाही.

सगळेच शब्द इतके चांगले जमत नाहीत. ऑटिझमसाठी आपण ‘स्वमग्नता’ घेतला. मूळ शब्दात ‘स्व’साठीचा ग्रीक शब्द आहे, म्हणून भाषांतर प्रामाणिक आहे. पण माझ्या ओळखीच्या एका घरातला नऊ वर्षांचा मुलगा कुकरच्या शिट्टीनं कान झाकून पलंगाखाली जातो आणि लग्नातल्या डीजेनं दोन दिवस जेवत नाही. तो स्वतःत मग्न नाही. बाहेरचं जग त्याच्यात नको तेवढं घुसतं. स्वमग्न म्हटल्यावर शेजारी त्याला हाका मारून, हलवून ‘बाहेर’ काढायला बघतात, म्हणजे नेमकं जे करू नये ते. त्याची आजी म्हणते, ‘पोरगं न्यारं हाय.’ शब्द म्हणून मला ‘न्यारा’ फार आवडतो, बिघाडाचा वासही नाही त्याला. पण न्यारेपणाचं प्रमाणपत्र मिळत नाही. ऑटिझम २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे, म्हणून या मुलाला कागद मिळतो, सवलती मिळतात. माझा एडीएचडी त्या यादीत नाही. कागदासाठी मात्र टक्के लागतात, बहुतेक सवलतींना किमान ४०. ‘किती टक्के पडले?’ असं त्याच्या आईला लोक विचारतात, दहावीचा निकाल लागल्यासारखं.

नाव बदलून काही होत नाही, असंही नाही. आपल्या पुस्तकांतला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द बघा. फाटलेलं मन. जपानीत स्किझोफ्रेनियाचं नाव असंच होतं, मन दुभंगण्याचा आजार. ते इतकं भयंकर वाटे की अनेक डॉक्टर रुग्णाला निदान सांगतच नसत. रुग्णांच्या कुटुंबांच्या संघटनेनं लावून धरलं आणि २००२ मध्ये तिथे नाव अधिकृतपणे बदललं. त्यानंतर निदान सांगणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाण वाढलं. आजार तोच राहिला, पण माणसाला स्वतःच्या आजाराबद्दल बोलायला तोंड मिळालं. काकांना त्यांच्या आजाराचं नाव कोणी सांगितलं होतं का, हे मी एकदा घरात विचारलं. नव्हतं सांगितलं. पंचवीस वर्षं ते ‘डोक्याची गोई’ घेत होते.

लपवण्यात लाजच असते असं नाही, हिशेबही असतो, आणि आमच्या जिल्ह्यात तो जरा क्रूर आहे. वाशिमला स्वतःलाच पाट्या लावून घ्यायची सवय आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये ‘आत्महत्याग्रस्त’ ठरला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या यादीत ‘आकांक्षित’ झाला. पहिल्या पाटीबरोबर आणखी दोन छोटे शब्द गावोगावी पोचले: पात्र आणि अपात्र. शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर घरच्यांना एक लाखाची सरकारी मदत मिळायची, तर नापिकी, थकलेलं कर्ज, वसुलीचा तगादा ही कारणं सिद्ध व्हावी लागतात. चौकटीत न बसणारं प्रकरण अपात्र. आता मला सांगा, गेलेला माणूस सहा महिने झोपत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता, गोळ्या सुरू होत्या, हे कोणती बायको चौकशीला आलेल्या साहेबांना सांगेल? कर्ज खरं असतं आणि आजारही खरा असतो. एकानं दुसऱ्याला वाढवलेलं असतं. पण कागदावर दोन्ही एकदम खरे असणं परवडत नाही. २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी जाऊन तणावातली माणसं ओळखायची, अशी योजना आली. चांगली योजना आहे. पण दारात आलेल्या आशाताईला बाई सांगते, ‘आमच्याइथी तसं कोणी नाही.’ तसं म्हणजे कसं, हे दोघींनाही ठाऊक असतं. (हे वाचताना तुम्हाला स्वतःचं किंवा घरातल्या कोणाचं आठवलं असेल, तर टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.)

एवढ्या सगळ्या शब्दांत काकांनी स्वतः काय शब्द घेतला असेल, हे मला बरीच वर्षं सुचलंच नव्हतं विचारायचं, कारण कोणीच विचारत नसे. तो मला काकूकडून कळला. त्यांना आवाज ऐकू येतात. ते त्याला ‘रेडिओ’ म्हणतात. तरुणपणी वावरात झाडाला ट्रान्झिस्टर टांगून ऐकायची सवय होती, तिथून आलं असावं. ‘आज रेडिओ मोठा हाय’ म्हटलं की काकू त्या दिवशी त्यांना बाजारात नेत नाही. ‘खरखर हाय नुसती’ म्हणजे काम होऊ शकतं, पण माणसं नकोत. ‘बंद हाय’ म्हणजे चहा मांड, गप्पा मारू. कोणत्याही पुस्तकात नसलेल्या या शब्दावर ते घर चालतं. तालुक्याला झालेल्या एका शिबिरात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय त्रास होतो? काका म्हणाले, रेडिओ. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘बातम्या लागतात का गाणी?’ काका म्हणाले, ‘बातम्याच. माह्याच बद्दलच्या.’ त्या दिवशी ते वीस मिनिटं बोलले. त्यांची गोळी बदलली.

हे लिहायच्या आधी दिवाळीत मी त्यांना विचारलं, काका, तुमच्याबद्दल लिहू का? कापूस वेचावा तशा सावकाश बोटांनी ते तुरीच्या शेंगा सोलत होते.

‘कोण वाचन?’

‘माझ्या वयाची पोरं. फोनवर.’

‘नाव टाकू नको. सुमीच्या लग्नाचं बोलणं सुरू हाय.’ सुमी म्हणजे त्यांची मुलगी, आणि हे तिचं खरं नाव नाही.

‘नाही टाकत. पण तुम्हाला काय म्हणून लिहू? आजाराचं नाव लिहू?’

त्यांनी थोडा वेळ विचार केला. ‘येडाच लिही. ते इंग्रजी लिहिशीन त इथं कोणाले समजन?’ मग दोन-चार शेंगा झाल्यावर म्हणाले, ‘पण मंग रेडिओचं बी लिही. आणि धुऱ्याचं लिही. हातभर खाल्ला त्यानं.’